दहा महिन्यांनंतर: घरी जोडलेल्या पीसीत काय जुळलं, काय नाही

मशीन फेब्रुवारी २०२५ मध्ये जोडलं, म्हणजे आता दहा महिने झाले. मधे एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दोन लग्नसराया उरकल्या. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. तेव्हा काचेतून पंखे फिरताना दिसले तरी बरं वाटायचं.

माझं काम आधी सांगतो, कारण पुढची निम्मी रडकथा तिथूनच सुरू होते. मी मिरजेचा. मामेभाऊ लग्नांचं शूटिंग घेतो, एडिटिंग माझ्याकडे. म्हणजे प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर दिवसभर उघडं, टाइमलाइनवर दोन-तीन कॅमेरे, आणि शेवटी चार तासांचा लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्ट, कारण नवरीच्या आत्याला सप्तपदी अख्खी बघायची असते. जुनं मशीन दुकानातून असेंबल करून घेतलं होतं. या वेळी म्हटलं, भाग आपण निवडायचे आणि आपणच जोडायचे.

शेवटी ठरलं ते असं: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन कांड्या, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), ६५० वॅटचा मॉड्युलर एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा, केबल सुट्या निघणारा) आणि समोर जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर, यूपीएस, कूलर आणि जुन्या हार्ड डिस्क घरच्याच. ऐंशी हजारांच्या थोडं वर गेलं. भाग एकमेकांना जुळतात का ते सांगणाऱ्या पीसीपार्टपिकर साइटवर यादी टाकली, वर हिरवी पट्टी आली: काही अडचण नाही. ती पट्टी खोटं बोलली नाही. घरात काय काय पडलंय हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

प्रोसेसर आणि बोर्ड जुळवणं हे लोक उगाच अवघड करून सांगतात. प्रोसेसर बसतो ती खाच म्हणजे सॉकेट; एएम५ सॉकेटचा प्रोसेसर एएम५ बोर्डात, बस. रॅमचाही प्रश्न तिथेच मिटतो, कारण एएम५ वर डीडीआर५ शिवाय काही चालतच नाही. उलट इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये एकाच चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ चे पण मिळतात आणि डीडीआर५ चे पण, तिथे बॉक्स नीट वाचावा लागतो. आणखी एक अक्षर बघायचं ते म्हणजे शेवटचं एफ. ते असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये छोटंसं का होईना, आहे. कार्ड दोन दिवस उशिरा आलं तेव्हा मी त्याच्यावरच विंडोज टाकून बसलो होतो.

मायक्रो एटीएक्स निवडला तो पैसे वाचवायला, आणि त्याचं आजवर काही वाईट वाटलेलं नाही. एकच: कॅबिनेटला समोर यूएसबी सी आहे आणि बोर्डावर त्याची केबल लावायची जागाच (हेडर) नाही. ती केबल आत झिप टायनं बांधून ठेवलीय. बाहेरून भोक दिसतं, पाहुणे त्यात मोबाईल लावतात, चार्ज होत नाही म्हणून मोबाईल झटकतात.

खरेदीला मी मुद्दाम लॅमिंग्टन रोडला गेलो. रात्रीची महालक्ष्मी, सकाळी दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड. ऑनलाइन भावात फार फरक नव्हता, पण बोर्ड हातात घेऊन बघायचा होता. दुकानात वयस्कर गृहस्थ होते. यादी बघून त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "काम काय करता? कॅमेरा कोणता?"

मी म्हटलं, "सोनी. सध्या जुना आहे, भाऊ नवा घेणार आहे."

"मग एकदा इंटेलचा पण विचार करा साहेब."

मला वाटलं, यांच्याकडे इंटेलचा स्टॉक पडून असणार. म्हटलं, "नको, हेच द्या." त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

जोडायला रविवारचा अख्खा दिवस लागला. त्यातला निम्मा वेळ कॅबिनेटच्या समोरच्या बटणांच्या त्या बारीक वायरी लावण्यात. रॅमच्या कांड्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये घातल्या, मॅन्युअलमध्ये तसंच होतं. संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळा. बोर्डावर डीआरएएम लिहिलेला पिवळा दिवा लागून राहिला. एक मिनिट, दीड मिनिट, दोन मिनिटं. बंद केलं. कांड्या काढल्या, फुंकर मारली, परत घातल्या. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. मग त्या दुकानदारांनाच फोन लावला.

"किती वेळ थांबलात?"

"दोन मिनिटं."

"दहा थांबा. तो मेमरी ट्रेनिंग करतोय. तुम्ही मध्येच लाईट काढली की बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चहा करा, तिकडे बघूच नका."

चहा उकळत होता तेव्हा आतून आईची हाक आली, "अरे, काहीतरी निळं दिसतंय बघ." बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) आला होता. नव्या डीडीआर५ बोर्डावर पहिल्यांदा रॅम तपासून तिचं टायमिंग बसवायला काही मिनिटं जातात, हे बॉक्सवर ठळक छापायला काय हरकत आहे, कळत नाही. नंतरही रोज चालू व्हायला वेळ लागायचा. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाचं सेटिंग चालू केल्यावर तो त्रास गेला.

बायोस मात्र मी त्याच रात्री नवा टाकला. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतल्या एक्स३डी नावाच्या चिपा जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि त्यानंतर एएमडीनं एसओसी (चिपमधला एक भाग) व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालून दिली. माझी चिप त्यातली नाही, पण रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (रॅम वाढीव वेगानं चालवायचं सेटिंग) चालू करायचं तर जुन्या बायोसवर कशाला करा.

रॅमबद्दल एक पस्तावा आहे. मी विचार केला होता की आत्ता ३२ जीबी घेऊ, पुढे आणखी दोन कांड्या टाकून ६४ करू, चार स्लॉट आहेत ना. स्लॉट चार आहेत हे खरं. पण रायझन ७००० ला अधिकृत वेग दोन कांड्यांवर ५२०० आणि चार कांड्यांवर ३६००. माझ्या कांड्या ६००० वर चालतात. अजून दोन खुपसल्या तर वेग पडणार, किंवा मशीन मधूनच अडखळणार. म्हणजे ६४ हवे असतील तर सरळ ३२ च्या दोन घ्याव्या लागतात. आणि या वर्षअखेरीला डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा बाजार असा उचललाय की मी घेतलेल्याच कांड्यांचा भाव दुपटीच्या पुढे गेलाय. ३२ वर भागवतोय.

कूलर. जुन्या मशीनचा टॉवर कूलर होता, चांगला दणकट. यादीत तो धरलाच नव्हता, कारण तो "घरचा". तो बसवायला बोर्डामागे त्याची स्वतःची पट्टी लागते, आणि एएम५ वर मागची पट्टी सॉकेटशीच जोडलेली असते, ती काढता येत नाही. एएम४ चे जे कूलर बोर्डाच्या मूळ पट्टीवर बसतात ते चालतात, माझा त्यातला नव्हता. मग प्रोसेसरच्या बॉक्समधलाच छोटा पंखा लावला. मार्चपर्यंत ठीक. एप्रिल-मे मध्ये मिरजेच्या पत्र्याखालच्या खोलीत एक्सपोर्ट लावला की तापमान नव्वदीला टेकायचं आणि आवाज असा की शेजारच्या काकूंनी विचारलं, मिक्सर बिघडलाय का. मे मध्ये १५५ मिलिमीटर उंचीचा नवा टॉवर घेतला. कॅबिनेटची मर्यादा १६०. या वेळी टेप घेऊन मोजलं.

आता यूपीएस. घरचा ६०० व्हीए, म्हणजे ३६० वॅट. माझा हिशेब असा होता: प्रोसेसर पूर्ण ताणात ८८ वॅट, कार्ड ११५, बाकी किरकोळ चाळीस-पन्नास, मॉनिटर तीस. झाले पावणेतीनशे-तीनशे. बसतंय की. जूनमध्ये पहिला वळीव आला, लाईट गेली आणि मशीन खटकन बंद. गंमत म्हणजे नुसतं ब्राउझर उघडं असताना लाईट गेली तर चालू राहायचं, एक्सपोर्ट चालू असताना गेली की मेलंच. कारण दोन: बॅटरी चार वर्षांची, आणि असले स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की गुळगुळीत लाटेऐवजी (साइन वेव्ह) पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात. अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असलेल्या नव्या एसएमपीएसना ती पचत नाही, भार जास्त असेल तर ते झटका देऊन ओढतात आणि यूपीएस हात वर करतो. जुन्या मशीनचा भारच कमी होता म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आता ११०० व्हीए, ६६० वॅटचा घेतलाय. वीज त्याचीही पायऱ्यांचीच, पण जुलैपासून एकदाही मशीन पडलेलं नाही. शुद्ध साइन वेव्हवाले आणखी महाग होते, तिथे मी हात आखडला.

सगळ्यात महागात पडली ती मात्र दीड फुटाची केबल. ऑगस्टमध्ये जागा कमी पडायला लागली म्हणून जुन्या मशीनची २ टीबी डिस्क यात लावायची ठरवली. नव्या एसएमपीएसची साटा पॉवर केबल माळ्यावरच्या खोक्यात. कोण चढणार? खणात जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची केबल होती. लावून बघितली, नव्यात अगदी टिच्चून बसली, क्लिकसुद्धा झाली. बटण दाबलं. टिक् असा बारीक आवाज, आणि मग तो वास. ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको. डिस्क उघडी ठेवली होती म्हणून सर्किटवर तपकिरी ठिपका लगेच दिसला.

घोळ असा आहे की डिस्ककडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत काय याचा सर्वमान्य नियम नाही. ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा फरक असू शकतो. माझ्या केबलनं ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट दिले. खाचा तंतोतंत जुळल्या म्हणून मला वाटलं की वीजही जुळली. डिस्कमध्ये तीन लग्नं होती, त्यांची प्रत मामेभावाकडे होती, म्हणून आज मी त्याच्याकडे जेवायला जाऊ शकतो. जुन्या सगळ्या केबल त्याच दिवशी कात्रीनं कापून टाकल्या, ठेवल्या असत्या तर परत कधीतरी आळस आला असता.

आणि आता कॅमेरा. मे महिन्यात भावानं सोनीचा ए७ ४ घेतला. जुन्याचं फुटेज ८ बिट ४:२:० होतं (रंगाची माहिती किती साठवली ते हे आकडे सांगतात), ते टाइमलाइनवर लोण्यासारखं चालायचं. नव्याचं १० बिट ४:२:२, एचईव्हीसी (व्हिडिओ आवळायची एक पद्धत). त्यात रंगाची माहिती दुप्पट, त्यामुळे हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल सुधारताना फाटत नाहीत. भाऊ खूश. पहिलं मेमरी कार्ड माझ्याकडे आलं, टाइमलाइनवर टाकलं आणि चित्र अडकत अडकत चालायला लागलं. टास्क मॅनेजर उघडला: प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर धापा टाकतोय, आणि ग्राफिक्स कार्डाचा व्हिडिओ डिकोडचा (आवळलेला व्हिडिओ उलगडण्याचा) आलेख जमिनीला चिकटून सपाट. अठ्ठावीस हजारांचं कार्ड हातावर हात ठेवून बसलं होतं.

शोधल्यावर कळलं ते असं. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत ४:२:० उलगडायची सोय आहे, ४:४:४ ची पण आहे, मधल्या ४:२:२ ची नाही. ७६०० मधल्या ग्राफिक्सलाही जमत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स हे एचईव्हीसी ४:२:२ सहज उलगडतं. लॅमिंग्टन रोडच्या त्या गृहस्थांना स्टॉक खपवायचा नव्हता. आणि ज्या मे महिन्यात हा कॅमेरा आला त्याच महिन्यात आरटीएक्स ५०६० बाजारात आलं, ज्यात ही सोय आहे. मी चार-पाच आठवडे कपाळावर हात मारत होतो.

सध्या प्रॉक्सीवर काम चालू आहे. रात्री झोपताना सगळ्या फुटेजच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर कापाकापी करायची, एक्सपोर्टला मूळ फुटेज. चालतं. पण घाईचं काम आलं, म्हणजे रिसेप्शनला स्क्रीनवर सकाळच्या अक्षता दाखवायच्यात असलं काही, तर रात्र मिळत नाही.

बाकी मशीन म्हणून तक्रार शून्य. दहा महिन्यांत निळा स्क्रीन एकदाही नाही, आवाज आता जेमतेम, समोरची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशनं झाडतो. ज्याला गेम खेळायचेत किंवा ज्याचा कॅमेरा ४:२:० वर आहे, त्याला हीच यादी मी डोळे झाकून देईन. ४:२:२ वाल्याला देणार नाही.

संक्रांतीनंतर ४०६० विकून ५०६० घ्यायचं ठरवलंय. त्याला १४५ वॅट लागतात, म्हणजे तीस जास्त. नव्या यूपीएसमध्ये बसतात. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांबी आहे ते पंख्यासकट मोजून भिंतीवर लिहून ठेवलंय. परवा भाव विचारायला त्याच दुकानात फोन केला. आवाज ओळखला त्यांनी. म्हणाले, "भाव सांगतो, पण आधी सांगा, भावाचा कॅमेरा तोच आहे ना अजून?"