लॅव्हनम की लाँग मेलफर्ड: लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली दोन चर्च

लंडनहून एका दिवसात सफकमध्ये जाऊन मध्ययुगीन पॅरिश चर्च पाहायचे असेल, तर निवड बहुधा या दोन गावांवर येऊन थांबते. दोन्ही गावे एकमेकांपासून सातेक किलोमीटरवर आहेत आणि दोहोंना सडबरी हेच रेल्वे स्थानक जवळचे आहे. दोन्ही चर्चना आजचे रूप मुख्यतः पंधराव्या शतकाच्या अखेरीस, लोकरी कापडाच्या व्यापारातून आलेल्या पैशावर, उंच खिडक्या आणि उभ्या रेषांच्या पर्पेंडिक्युलर शैलीत मिळाले.

लॅव्हनमचे बांधकाम साधारण १४८५ ते १५२५ या काळातले असून, चौदाव्या शतकातला जुना चान्सेल, म्हणजे वेदीकडचा भाग, मात्र तसाच राखलेला आहे. खर्चाचा मोठा वाटा उचलला तो ऑक्सफर्डचा तेरावा अर्ल जॉन डी व्हिअर आणि स्प्रिंग हे कापडव्यापाऱ्यांचे घराणे यांनी. १४१ फूट उंचीच्या मनोऱ्यावर अर्लच्या घराण्याचा तारा आणि स्प्रिंग यांची व्यापारी खूण एकाच भिंतीवर दिसतात; उमराव आणि व्यापारी यांची अशी बरोबरी दगडात क्वचितच पाहायला मिळते. आत शिरल्यावर मात्र खिडक्यांतली जुनी काच फारशी उरलेली नाही, रंगीत काच बहुतेक व्हिक्टोरियन काळातली आहे.

मेलफर्डचा मनोरा त्या मानाने अगदीच अर्वाचीन आहे. मूळ मनोरा वीज पडून गेला आणि आजचे रूप बॉडली या वास्तुविशारदाने १९०३च्या सुमारास दिले. बाकी सगळ्या बाबतींत मात्र माझे मत मेलफर्डकडेच झुकते. बाहेरून भिंतीच्या कडेकडेने चालत गेले, की चकमकीच्या काळ्या दगडात बसवलेली अक्षरे दिसू लागतात: जॉन क्लॉप्टन आणि इतर देणगीदारांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा, अशी ती विनवणी आहे. उत्तरेच्या बाजूला पंधराव्या शतकातली काच टिकून आहे, आणि तिथेच एका लहानशा गोल काचेत तीन ससे आहेत. कान एकूण तीनच, तरी प्रत्येक सशाला दोन दिसतात. पूर्व टोकाला १४९६ची लेडी चॅपेल, म्हणजे मेरीमातेला वाहिलेले प्रार्थनागृह, आहे. तिथे पुढे शाळा भरत असे, त्यामुळे भिंतीवर पाढ्यांचा तक्ता अजून वाचता येतो.

लाकडी घरांचे जुने गाव आणि दुरून दिसणारा मनोरा यांची ओढ असेल, तर लॅव्हनमला जावे. एकाच वास्तूत दोन तास रमायचे असतील, तर मेलफर्ड निवडावे, आणि आत जाण्याआधी भिंतीवरचा मजकूर वाचत एक फेरी जरूर घालावी.