सीएमएलची बीसीआर-एबीएल तपासणी: कर्वे रस्त्यावरच्या एका लॅबची घरपोच सेवा

सीएमएल हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, आणि त्यामागच्या बीसीआर-एबीएल या सदोष जनुकाचं रक्तातलं प्रमाण ही तपासणी मोजते. सेवा चांगली आहे, पण वार बघून बोलवा. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ डॉ. ब्रायन ड्रकर यांनी ज्यासाठी उमेदीची वर्षं खर्ची घातली त्या इमॅटिनिब या सीएमएलवरच्या गोळीला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. गोळी लागू पडतेय का, हे मात्र सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होणाऱ्या या तपासणीतूनच नेमकं कळतं.

लॅबचा माणूस जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी आणतो, रक्त घेताच ती आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करतो. हे फार महत्त्वाचं, नाहीतर गुठळी होते आणि नमुना बाद. हिरव्या झाकणाची नळी दिसली तर सरळ थांबवा. त्यातलं हेपरिन हे रक्त न गोठू देणारं औषध पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून मोजायची ही तपासणीची पद्धतच, अडवतं. पुण्यातून नमुना बाहेरगावी जातो आणि तपासणीत मोजला जाणारा आरएनए (पेशीतला जनुकीय संदेश) पटकन खराब होतो, म्हणून शनिवारी रक्त देऊ नका, सोमवार-मंगळवार उत्तम.

रिपोर्टात आयएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणपट्टीवरची टक्केवारी असते, हे या लॅबचं खरं बळ. ०.१ टक्का किंवा कमी म्हणजे एमएमआर, अर्थात औषधाला मोठा प्रतिसाद. शेजारी एबीएल१ या तुलनेसाठी मोजलेल्या जनुकाच्या प्रतींची संख्याही छापतात, त्यावरून नमुना पुरेसा होता का ते कळतं; त्या दहा हजारांच्या आत असतील तर 'आढळलं नाही' यावर विसंबू नका, तपासणी पुन्हा मागा. लॅब मध्येच बदलू नका.