बोलताना मध्येच थांबवणारी थेरपी : शरीराधारित ट्रॉमा उपचारांचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या थेरपिस्ट सध्या मोठ्या रजेवर आहेत. सेशन बंद पडल्यावर काय टिकतं आणि काय गळून जातं हे आता दिसू लागलंय, म्हणून लिहायला बसले. ट्रॉमा म्हणजे भयंकर प्रसंग संपल्यावरही मनात आणि शरीरात उरलेला आघात, एवढं धरून चालते.

पार्श्वभूमी थोडक्यात. गाडीचा अपघात झाला तेव्हा मी मागच्या सीटवर होते. हाडं जुळून आली. नंतर बरेच दिवस बोलण्याची थेरपी घेतली आणि तिचा उपयोगही झाला. झोप सुधारली, ‘आपण तेव्हा ओरडायला हवं होतं’ हा घोर सुटला. पण रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की जबडा आवळला जायचा, उजवा खांदा कानाशी जायचा आणि तासभर तिथेच राहायचा. धोका टळलाय हे मला पटलं होतं. खांद्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी आणि हाडांच्या डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही’ म्हटल्यावर ‘इंटिग्रेटिव्ह, बॉडी-बेस्ड’ (म्हणजे अनेक पद्धती एकत्र वापरणारी, शरीराधारित थेरपी) असं लिहिलेल्या या थेरपिस्टकडे गेले.

आता मुख्य तक्रार. या बाई बोलू देत नाहीत!

मी काय सांगायचं ते आधी मनाशी जुळवून जायचे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला त्या म्हणायच्या, “इथे जरा थांबूया. आत्ता शरीरात काय होतंय?” मी म्हणायचे, काही नाही. त्या वाट बघायच्या. मग म्हणायच्या, “खोलीत सावकाश नजर फिरवा, जे बरं वाटेल तिथे थांबा.” मी खिडकीकडे बघत बसायचे आणि मिनिटं जात राहायची. पैसे मी खर्च करताना दहादा विचार करते, त्यामुळे त्या शांततेचं मोल मिनिटामागे किती पडतं याचा हिशोब डोक्यात चालूच असायचा. अपघात पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग सांगायला त्यांनी मला एकदाही दिलं नाही, आजपर्यंत नाही.

शेवटी मी तोंडावर विचारलं, की भिंतीकडे बघायला मी पैसे देते का? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ब्रेकच्या आवाजापाशी आलात की तुमचा श्वास थांबतो. तुम्हाला ते कळत नाही, मला समोरून दिसतं. त्यानंतर तुम्ही जे सांगता, ते सांगता सांगता पुन्हा भोगत असता.” उत्तर पटलं, पण चीड गेली नाही.

ती गेली पुढे एका सेशनमध्ये. नेहमीसारखं ब्रेकपाशी थांबवलं. खांदा चढला होता. त्यांनी विचारलं, या खांद्याला काय करायचंय? मला हात पुढे रेटावासा वाटत होता, पुढच्या सीटला धक्का द्यावा तसा. त्यांनी उशी पुढे धरली, स्पर्श चालेल ना हे आधी विचारून, आणि ती अगदी हळू, शक्य तेवढ्या हळू रेटायला सांगितली. मध्ये पुन्हा दोनदा थांबवलं. मांड्या थरथरल्या, तळहात गरम झाले, मग एकामागून एक जांभया. रडू वगैरे काही आलं नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी रस्त्यात ब्रेक ऐकला, खांदा चढला आणि दुसऱ्या चौकापर्यंत आपोआप उतरला. आजही चढतोच. पण उतरतो, आणि माझ्या लेखी या थेरपीची सगळी किंमत त्या उतरण्यात वसूल झाली.

त्यामुळे ‘थांबूया’बद्दल मत पूर्ण बदललंय. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपीरिअन्सिंग पद्धतीचा हा गाभाच आहे: भयाचा अगदी छोटा घास घ्यायचा, मग शरीरातल्या शांत जागेकडे परतायचं, पुन्हा जायचं, पुन्हा परतायचं. एकदम सगळं उकरलं तर शरीर एक तर भडकतं नाही तर बधिर होतं, आणि दोन्ही अवस्थांत नवीन काही शिकत नाही. पुढे आम्ही ईएमडीआरही केलं, म्हणजे त्रासदायक आठवण मनात धरून डोळे ठरावीक पद्धतीने इकडून तिकडे फिरवण्याचा उपचार. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत, त्यातही डोळ्यांच्या हालचालींचे फेरे छोटे असतात आणि प्रत्येक फेऱ्यानंतर ‘आता काय जाणवतंय’ हे विचारतात. म्हणजे तिथेही थांबणं आहेच.

पुराव्याचं म्हणाल तर सगळ्या पद्धती एका पातळीवर नाहीत. ईएमडीआर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवलंय. सोमॅटिक एक्सपीरिअन्सिंगची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आशादायक असली तरी लहान आहे: ६३ जण, आणि तुलना प्रतीक्षायादीतल्या लोकांशी. ट्रॉमासाठी बेतलेल्या योगावरची २०१४ ची चाचणीही ६४ स्त्रियांचीच होती. त्यात योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी शेवटी पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराच्या) निकषांतून बाहेर आल्या, तर आरोग्यशिक्षणाच्या गटातल्या २९ पैकी ६.

खटकणाऱ्या गोष्टी अजून आहेत. थेरपिस्ट प्रत्येक अनुभव व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या नसेला, नेऊन जोडतात. या नर्व्हचे बहुतेक तंतू शरीराकडून मेंदूकडे खबर नेतात हे खरं. पण शरीराला सुरक्षित वाटणं किंवा धोका वाटणं या नर्व्हवरून समजावणाऱ्या, स्टीफन पोर्जेस यांच्या पॉलिव्हेगल सिद्धांताच्या शारीरशास्त्रीय दाव्यांवर तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतलेत. उपचार लागू पडतोय म्हणून त्याचं स्पष्टीकरणही सिद्ध झालं असं होत नाही, आणि हे पेशंटला मोकळेपणाने सांगायला हवं. दुसरं, दोन सेशनच्या मध्ये घरी काय करायचं हे कागदावर कधीच मिळालं नाही. सध्याच्या खंडात ते फार जाणवतंय. मला आठवणीतून दोनच गोष्टी जमतात: पाय जमिनीवर टेकवून त्यांचं वजन जाणवणं, आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांब सोडणं. गाडीत पुढच्या सीटवर बसणं अजून जमत नाही.

डोळे मिटण्याची सक्ती त्यांनी केली नाही, याचे मात्र मनापासून आभार. आधी एका ध्यानवर्गात ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ म्हटल्याबरोबर मला काचा दिसायच्या आणि छाती भरून यायची. ट्रॉमा असलेल्या माणसाला शांत बसवलं की तो शांत होतोच असं नाही. इथे उघड्या डोळ्यांनी, दाराकडे तोंड करून बसता आलं.

तुम्ही कुणाकडे जाणार असाल तर ‘इंटिग्रेटिव्ह’ या पाटीवर जाऊ नका. यातल्या कुठल्या पद्धतीचं पूर्ण प्रशिक्षण झालंय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे स्वच्छ विचारा. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: मी सांगता सांगता वाहवत चालले तर तुम्हाला कशावरून कळेल आणि तेव्हा तुम्ही काय कराल? माझ्या थेरपिस्टनी याचं उत्तर श्वास, मानेचा रंग आणि बोटांची हालचाल अशा बारकाव्यांनी दिलं होतं. ‘पहिल्याच दिवशी सगळं सांगून मोकळे व्हा’ असं कुणी म्हणालं, तर मी तरी तिथे पुढची वेळ घेणार नाही.