चाळीचा लांब ग्रुप फोटो: फिरती लेन्स की रुंद नेगेटिव्ह?

ग्रुप फोटो फिल्मवर काढायचा, आणि तोही जुन्या लष्करी पलटणींचे असायचे तसा हातभर लांब, असं डोक्यात आलं की माणूस आधी सर्कटच्या प्रेमात पडतो. पडावंच. विल्यम जॉन्स्टन यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या या यंत्रात चावी दिली की अख्खा कॅमेरा ट्रायपॉडवर गोल फिरतो आणि आत फिल्म एका उभ्या फटीमागून त्याच हिशेबाने सरकत राहते. सर्कटचा नंबर म्हणजे फिल्मची इंचातली रुंदी: ५, ६, ८, १० आणि थेट १६. कॅमेरा सावकाश फिरतो, त्यामुळे एका टोकाला उभा असलेला वात्रट पोरगा मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही हजर होतो. अशा फोटोंवर तासन्‌तास घालवता येतात. पण १० इंच रुंदीचा रोल आज कुठल्या दुकानात मिळत नाही. इल्फर्ड ही फिल्म बनवणारी कंपनी वर्षातून एकदा मोठ्या आकारांच्या ऑर्डरी घेते तेव्हा दाद लागली तर लागली. शिवाय लेन्सप्रमाणे गिअर बदलायचे. त्याला नमस्कार करून पुढे जाऊ.

मग व्यवहारात दोन घराणी उरतात. पहिलं फिरत्या लेन्सचं. कॅमेरा जागचा हलत नाही, फिल्म अर्धगोलात बसते आणि लेन्स एका उभ्या फटीसकट तिच्यावरून झाडू मारल्यासारखी फिरते. फ्रीडरिश फॉन मार्टेन्सने १८४४ च्या सुमारास पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपच्या, म्हणजे फिल्मच्या आधीच्या जमान्यातल्या धातूच्या, वाकवलेल्या प्लेटवर हे केलं, १८९८ मध्ये अल-व्हिस्टा कॅमेरा आला आणि १८९९ मध्ये कोडॅकने पॅनोरॅम काढून ते हौशी लोकांच्या हातात दिलं. आज या घराण्यातले हॉरिझॉन आणि वाइडलक्स वापरलेल्या मालात सापडतात. दुसरं घराणं बँक्वेट कॅमेऱ्याचं: ७ बाय १७ किंवा १२ बाय २० इंचांची सपाट नेगेटिव्ह, वाइड लेन्स, एकच क्लिक, काही फिरत नाही. मेजवान्यांच्या हॉलमध्ये फ्लॅश पावडर उडवून हेच वापरायचे. त्याचा आजचा वारस म्हणजे १२० च्या, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद रोलवर ६ बाय १७ सेंटिमीटर काढणारे फुजी, लिनहॉफ, किंवा ४ बाय ५ इंचांच्या कॅमेऱ्याला मागून लावायची ६ बाय १७ ची बॅक, म्हणजे रोलची पेटी.

मी दोन्ही वापरले आहेत. कागदावर सपाट कॅमेरा जिंकतो, हे आधीच सांगून टाकतो. दहा मीटरच्या रांगेत प्रत्येक चेहरा ६ बाय १७ वर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येतो, ३५ मिमी फिल्मच्या फिरत्या लेन्सवर जेमतेम सव्वा. मोठ्या प्रिंटमध्ये हा फरक लपत नाही. फ्लॅश चालतो, हेही आहेच. फिरत्या लेन्सला फ्लॅश निरुपयोगी, कारण तो उडतो त्या क्षणी फटीसमोर जेवढी माणसं असतील तेवढीच उजळतात.

तरीही माझं मत फिरलं ते टोकाच्या माणसांमुळे. सपाट नेगेटिव्हवर सरळ रांग सरळच येते, चाळीचा कठडा सरळ, पायऱ्या सरळ, सगळं रेखीव. सपाट वस्तूंना काहीही होत नाही. फुगतात त्या गोल वस्तू, आणि माणसाचं डोकं गोल असतं, पोट तर असतंच असतं. ९० मिमी, म्हणजे ६ बाय १७ साठी वाइड लेन्स लावली तर फ्रेमच्या टोकावरचं डोकं उंचीला मधल्याएवढंच राहतं, पण रुंदीला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतं. मध्ये बसलेले अध्यक्ष सडपातळ आणि कडेची वहिनी भोपळ्यासारखी. आता वहिनींना सांगून बघा की हा लेन्सच्या भूमितीचा दोष आहे, तुमचा नाही. प्रिंट घरोघर गेली की पुढची काही वर्षं तुम्हाला त्या मजल्यावर चहा मिळत नाही. टोकांना सडसडीत पोरं उभी करावीत असा सल्ला देतात, मीही देतो, पण ग्रुप फोटोत कोणी कुठे बसायचं हे फोटोग्राफर ठरवतो असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा मंडळाच्या कार्यक्रमाला यावं.

यावर पुस्तकी इलाज सोपा आहे: लांब लेन्स लावा आणि मागे जा. १८० मिमीने टोकाचा फुगवटा दहा टक्क्यांवर येतो, डोळ्याला कळतही नाही. फक्त त्याच रांगेसाठी तुम्हाला जवळजवळ अकरा मीटर मागे सरकावं लागतं. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीच्या चौकात अकरा मीटर म्हणजे तुम्ही समोरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात. शिवाजी पार्क असेल, शाळेचं पटांगण असेल, एखादं जिमखान्याचं मैदान असेल तर पुढचं वाचूच नका, खुशाल ६ बाय १७ घ्या. माझे ग्रुप मात्र चौकातच जमतात.

फिरत्या लेन्सचं गणित उलटं. तिच्या समोर सगळे सारख्या अंतरावर, म्हणजे कमानीत बसले, तर प्रत्येकाचं डोकं सारखं येतं आणि फोटोत रांग सरळ दिसते. सर्कटवाले हेच करायचे. ट्रायपॉडला पाच मीटरची सुतळी बांधायची, खडूने जमिनीवर कंस काढायचा. १२० अंशांत साडेदहा मीटरची रांग मावते, अठरा-वीस खुर्च्या, आणि टोकांमधलं सरळ अंतर मात्र पावणेनऊ मीटरच. चौकात बसतं. मागे उभ्यांची एक ओळ, पुढे सतरंजीवर मुलं, झालं. अर्थात लांबीचा हट्टच नसेल तर ओळी एकामागे एक उंच चढवत नेणं हा जुना मार्ग आहेच. १८८५ मध्ये काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी आपल्या गोवालिया टँकजवळ, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात जमलेल्या ७२ प्रतिनिधींचा फोटो त्याच पद्धतीचा आहे.

कमानीची कटकट खरी आहे, लपवत नाही. लोकांना वाकड्या रांगेत बसवत नाही. तुम्ही पाठ वळवली की कोणीतरी काका ‘अरे, रांग सरळ करा’ म्हणून खुर्च्या ओढतात, आणि सरळ रांगेत ही लेन्स निर्दय होते, अगदी टोकाची माणसं मधल्यांच्या निम्मी दिसतात. मी खुर्च्यांचे पाय सुतळीने एकमेकांना बांधून टाकतो. दुसरं म्हणजे मागची इमारत वाकते. वरच्या गॅलरीचे कठडे मध्यभागी वर उचललेले, टोकांना खाली उतरलेले दिसतात. पाहणाऱ्या काही जणांना ते खटकतं, मला खटकत नाही. कठडा वाकला म्हणून तक्रार करायला कठडा माझ्या दारात येत नाही.

मुलं हलली तर काय, असं विचारतात. लेन्स ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने मूल पळालं तर लांबट होतं, उलट पळालं तर काडी. १/१२५ सेकंदाच्या वेगावर हे फारसं जाणवत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात, हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर मात्र मी स्वतः फिरत्या लेन्सच्या वाटेला जात नाही, तिथे सपाट कॅमेरा आणि फ्लॅश.

हॉरिझॉन की वाइडलक्स, यावर थोडक्यात. वाइडलक्सचं धातूचं अंग हातात घेतलं की सोडवत नाही, पण त्याचे वेग तीनच: १/१५, १/१२५, १/२५०. मधली पोकळी चौकातल्या सावलीत नडते. हॉरिझॉन २०२ प्लॅस्टिकचा, फिल्म भरताना बोटांची परीक्षा बघणारा, पण त्याला १/६० आहे आणि पाणसळीचा बुडबुडा थेट व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. कॅमेरा जरा जरी झुकला तरी कमानीत नीट बसलेली रांगही या लेन्समधून लाटेसारखी दिसते, म्हणून मला तो बुडबुडा धातूच्या अंगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. पैसे मोजायची तयारी असेल तर १२० च्या रोलवरचा, मोटरवर फिरणारा नोब्लेक्स १५० आहे. चेहऱ्याच्या आकाराची तक्रार तिथे बरीचशी मिटते.

घेताना एकच चाचणी चुकवू नका. चावीवर चालणाऱ्या या सगळ्या कॅमेऱ्यांचं दुखणं म्हणजे उभे पट्टे. आतलं जुनं वंगण घट्ट झालं की लेन्स फिरताना अडखळते, आणि जिथे अडखळते तिथे फिल्मला जास्त उजेड मिळतो. निसर्गदृश्यात पट्टा आभाळात खपून जातो. ग्रुपमध्ये तो कोणाच्या तरी तोंडावरच पडणार. बोरा बाजारात दुकानदार शटर वाजवून दाखवेल, आवाज गोड येईल, त्यावर जाऊ नका. एक स्वस्त रोल भरून दुपारच्या मोकळ्या आभाळाच्या, किंवा सारखा उजेड असलेल्या पांढऱ्या भिंतीच्या, प्रत्येक वेगावर दोन-दोन फ्रेम काढा आणि नेगेटिव्ह लाइटबॉक्सवर बघा. पट्टे फक्त सर्वात सावकाश वेगांवर असतील तर भाव पाडून घ्या, ते वेग तसेही ग्रुपला लागत नाहीत. १/६० आणि १/१२५ वर दिसले तर कॅमेरा कितीही देखणा असो, परत करा.