उसाचं इथेनॉल: ब्राझीलचं आणि आपलं

पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल मिसळणारे दोन मोठे विकसनशील देश म्हणजे ब्राझील आणि भारत. दोघांनाही तेलाची आयात कमी करायची होती. ब्राझीलने 1975 मध्येच ‘प्रोआल्कूल’ योजना आणली. आपण 20 टक्के मिश्रणाचा टप्पा 2025 मध्ये गाठला.

खरा फरक पाण्याचा आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातला ऊस मुख्यतः पावसावर वाढतो. आपल्याकडे कालवा, नाहीतर विहीर-बोअर लागतेच, आणि आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा. मराठवाड्यात गावाला टँकर आणि शेजारच्या उसाला मोटर, हे बघवत नाही. 2023 मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. डिस्टिलरीत पैसा गुंतवलेल्या कारखान्यांची पंचाईत झाली.

दुसरा फरक पंपावर दिसतो. ब्राझीलमध्ये 2003 पासून फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल किंवा इथेनॉल, दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आहेत. इथेनॉल मायलेज कमी देतं, म्हणून त्याचा दर पेट्रोलच्या साधारण 70 टक्क्यांच्या आत असला तरच लोक ते भरतात. आपल्याकडे जुन्या गाडीवाल्यालाही पंपावर असेल तेच भरावं लागतं.

माझ्या मते ब्राझीलकडून ही निवडीची मुभा घ्यावी. ऊस वाढवू नये. इथेनॉलसाठी मका त्यापेक्षा बरा, जरी त्यामुळे कोंबडीखाद्य महागतं. आणि दुष्काळी तालुक्यात नव्या डिस्टिलरीला परवानगी देण्याआधी तिथल्या विहिरींची पातळी तपासलीच पाहिजे.