किंडल पेपरव्हाइट आणि मराठी पुस्तकांचं कपाट

कपाट भरलं की मनात येतं, किंडल हे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र घ्यावं आणि पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकावीत. इंग्रजी वाचणाऱ्याला यावर जे उत्तर चालतं, ते मराठी वाचकाला चालत नाही. 2024 चा सात इंची पेपरव्हाइट यंत्र म्हणून उत्तमच आहे. वजन 211 ग्रॅम, इंचाला 300 ठिपके, उजेड कडेच्या दिव्यांमधून पडद्यावर पसरतो म्हणून डोळ्यांवर येत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि साठीपुढच्या वाचकासाठी या एका सोयीवर सुमारे 17 हजार रुपये वसूल होतात. मात्र हे सुख मिळतं ते पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या पद्धतीत, असेल तरच.

मराठीत फुकट आणि कायदेशीर मिळणारा मोठा साठा पीडीएफमध्ये आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं घ्या, नाहीतर ई साहित्य प्रतिष्ठानची. पीडीएफचं पान म्हणजे ठरलेल्या मापाचा कागदच, त्यातलं अक्षर एकटं मोठं होत नाही. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच, आणि पेपरव्हाइटचा पडदा साधारण 4.2 बाय 5.6 इंच. उभं पान बसवलं की ते 66 टक्क्यांवर येतं. छापील 12 पॉइंटचा टाइप मग 8 पॉइंटचा दिसतो आणि उकार, रुकार कळेनासे होतात. उपाय सोपा आहे: पडद्याच्या वरच्या कडेला टिचकी मारून मेनू उघडा आणि पान आडवं करा. आता साडेपाच इंचांची रुंदी पूर्ण मावते आणि अक्षर छापील मापाचं राहतं. फक्त एक पान दोन टप्प्यांत वाचावं लागतं. संगणकावर आधीच समास कापून टाकले तर अक्षर आणखी वाढतं. सेंड टू किंडल या आपली फाइल किंडलवर पाठवायच्या ॲमेझॉनच्या सोयीच्या संकेतस्थळावरून 200 एमबीपर्यंतची फाइल जाते, ईमेलने 50 एमबीपर्यंत. जाड पुस्तकाचं स्कॅन याहून मोठं असलं तर सरळ यूएसबी केबलने 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये टाका.

फसगत होते ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्ये. दिसायला स्वच्छ मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी कळांची चिन्हं. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, भलतीच अक्षरं उमटली तर ओळखा. अशी फाइल किंडलच्या स्वरूपात बदलायला देऊ नका, कचराच हाती येईल. ती पीडीएफ म्हणूनच ठेवा.

विकत घ्यायच्या ई-पुस्तकाचा नमुना आधी उतरवून घ्या आणि त्यात 'ऱ्य' शोधा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना हा अर्धा र हमखास बिघडतो आणि त्याच्या जागी रफार बसतो. मग सह्याद्रीच्या 'दऱ्या' वाचताना 'दर्या' दिसतो, आणि लग्नघरातल्या 'आचाऱ्यांना' दिलेली यादी 'आचार्यांना' दिलेली होते. दोन्ही शब्द शुद्ध, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीच्या नजरेतून चूक निसटते. नमुन्यातच अशी दोन-तीन ठिकाणं सापडली तर त्या पुस्तकाची छापील प्रतच घ्या. प्रकाशकाने रूपांतरानंतर मुद्रितं वाचलेली नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. कवितेच्या पुस्तकात ओळी कुठे मोडतात तेही पाहा. अक्षर मोठं केलं की लांब ओळ तुटून खाली येते आणि कवीची ओळ कुठे संपली ते समजत नाही.

मालकीचा मुद्दा किरकोळ समजू नका. 2009 मध्ये ॲमेझॉनने ऑरवेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले गेले, पण पुस्तक गेलंच. फेब्रुवारी 2025 अखेर विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद झाली. म्हणून ज्या पुस्तकाकडे दहा वर्षांनी पुन्हा यावं लागेल, ते कागदावर ठेवा.

कपाट हलकं करायचं असेल तर एकदा वाचून होणाऱ्या कादंबऱ्या आणि प्रवासातली पुस्तकं किंडलवर न्यावीत. कोश, चित्रांची पुस्तकं, समासात टिपणं केलेल्या प्रती आणि पुन्हा न छापलेली पुस्तकं हलवू नयेत. कुठलंही पुस्तक देण्याआधी त्याचं ई-पुस्तक खरोखर मिळतं का ते शोधा. पुष्कळ चांगल्या मराठी पुस्तकांचं मिळत नाही.

ठेवलेल्या पुस्तकांना जपायचं कसरीपासून. बांधणीतली खळ हे तिचं खाणं, आणि पावसाळ्यातली दमट हवा तिला मानवते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. कसर लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका. थंड कागदावर बाहेरच्या हवेतलं पाणी धरलं तर कसर जाईल आणि तिच्या जागी बुरशी येईल.