फोंड्याचं इलेक्ट्रिकलचं दुकान आणि आजोबांच्या धोतराचा सॉफ्टबॉक्स

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पाटीवरची अक्षरं पावसाने इतकी उडालीत की मलाच ते धड वाचता येत नाही. गोव्यातल्या फोंड्यात वरच्या बाजारात आहे एवढं पुरे. फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान नाहीये हे, आधीच सांगतो. वायर, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर, बोअरवेलच्या पंपाचे स्टार्टर, कोपऱ्यात चतुर्थीला न खपलेल्या लायटिंगच्या माळा, असला सगळा प्रकार. पण गेल्या दीड वर्षात मी पोर्ट्रेटसाठी घरच्या घरी जेवढे लाईट बनवले त्यातलं अर्ध्याहून जास्त सामान इथलं आहे आणि अजून एकही पेटलेला नाही (जो पेटता पेटता राहिला तो इथला नव्हता, ते पुढे येईलच), म्हणून म्हटलं लिहूया.

मी फोटो काढतो ते मुख्यतः नाटकवाल्यांचे. आपल्याकडे जत्रा म्हटली की नाटक आलंच आणि नाटक म्हटलं की पोस्टरसाठी, हँडबिलासाठी, नाहीतर नुसतं फेसबुकला टाकायला मेकअपमधले फोटो हवेच असतात. ते काढायचे कुठे तर देवळाच्या मागच्या खोलीत, डोक्यावर एक ट्यूब, डोळ्यांखाली काळी सावली, राजाचं पात्र आजारी दिसतं. म्हणून लाईट पाहिजे होते.

पहिल्यांदा सगळे करतात तेच केलं, ऑनलाईन स्वस्तातला सॉफ्टबॉक्सचा (बल्बपुढे पांढरं कापड ताणलेला खोका, उजेड मऊ करायला) सेट मागवला. कंपनीचं नाव नको. दोन स्टँड, दोन बल्ब, डब्यावर ५५०० केल्विन (म्हणजे दिवसाच्या उजेडाचा रंग) छापलेलं, फोटोत माणसाची कातडी हिरवट, जसं काही शेवाळ धरलंय. एका पावसाळ्यात सळ्या गंजल्या आणि छत्रीसारखं उघडणारं ते प्रकरण नंतर बंदच होईना, अजून माळ्यावर अर्धवट उघडं पडलंय.

दुसरा प्रयोग हॅलोजनचा. एका बांधकामावरून ५०० वॉटचा हॅलोजन उचलून आणला, पुढे लाकडाच्या चौकटीवर बटर पेपर. खरं सांगतो, कातडीचा रंग त्याच्याइतका सुंदर पुन्हा मला कशातच मिळाला नाही, हॅलोजनचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) १०० च्या जवळ असतो, ओठ ओठासारखे दिसतात आणि गालावरचा लाल गालावरच राहतो. पण वीसेक मिनिटांनी कागदाच्या मधोमध तपकिरी गोल उमटला, मग वास, मग धूर, आणि आई तांब्याभर पाणी घेऊन धावत आली, मी ओरडतोय "पाणी मारू नको गो, करंट आहे!" शेवटी प्लग ओढून काढला. चौकट अजून आहे, त्यात आता आईचे पापड वाळतात.

तर तिसऱ्यांदा डोकं ठिकाणावर ठेवून या दुकानात गेलो. काऊंटरवर मालक, साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर. "कितें जाय?" (काय पाहिजे?) म्हटलं चार फुटी एलईडी ट्यूब, २० वॉटची, चार नग. "हीं चारूय एकाच जाग्यार कित्याक?" म्हटलं फोटोसाठी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याच्या घरी काहीतरी बिघडलंय.

आता इथे या दुकानाचा सगळ्यात मोठा प्लस पॉईंट. मी म्हटलं काका, घ्यायच्या आधी लावून बघायच्यात, तर कटकट न करता तीन कंपन्यांच्या तीन ट्यूब टेस्टिंग बोर्डावर चढवल्या. मी मोबाईल काढला, स्लो मोशन लावलं आणि एकेका ट्यूबवर धरला. पहिली शांत. दुसरी शांत. तिसरी स्क्रीनवर अशी फडफडत होती की दुकानातला पोरगाही वाकून बघायला लागला. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारख्याच! आपला करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळे हलका ड्रायव्हर (आतलं करंट सांभाळणारं सर्किट) असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण १/५०० सेकंदाला फोटो मारला की आडवे काळपट पट्टे येतात. तशी ट्यूब गळ्यात पडलीच तर शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, बरेच पट्टे जातात, पण मुळात घेऊच नका. काकांनी ते तीन वेळा स्वतःच्या मोबाईलवर करून बघितलं आणि मग तिसऱ्या कंपनीचं आख्खं खोकं मागच्या फळीवर ढकललं. त्यानंतर मला तिथे मान आहे.

ट्यूब २४० रुपयांना एक, चारचे ९६०. वर वायर, थ्री पिन टॉप, चार स्विचचा बोर्ड मिळून ४२०. पाऊण इंची पीव्हीसी पाईप आणि एल्बो बाजूच्या हार्डवेअरमधून ३८०. एकूण १,७६० रुपये, प्लायचा तुकडा घरचा. चार स्विच का, तर या ट्यूब डिम होत नाहीत. मी पंख्याचा रेग्युलेटर लावायचं म्हणत होतो, काकांनी कपाळाला हात लावला, ड्रायव्हर जळतो म्हणाले नाहीतर ट्यूब लुकलुकत बसते. त्यापेक्षा प्रत्येक ट्यूबला वेगळा स्विच द्या, चारातल्या दोन बंद केल्या की बरोबर एक स्टॉप कमी (म्हणजे उजेड निम्मा), तिसरी बंद केली की अजून एक. हे गणित मी त्यांना सांगितलं तर म्हणाले देवळातल्या समया पण अशाच कमी करतात. बरोबरच आहे!

आणि एक, प्लायच्या मागे ट्यूबच्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत त्यांना अर्थिंग द्यायला त्यांनीच लावलं, हिरवी वायर मी मागितली नव्हती, त्यांनी कापून पिशवीत घातली. "अर्थिंग बगर लावूं नाका हां." गोव्याच्या दमट हवेत, पावसाळ्यात, अनवाणी माणसं समोर बसलेली असताना, हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आता कापड. तीन बाय चार फुटांच्या पीव्हीसीच्या चौकटीला पुढे काय लावायचं यावर मी बरेच पैसे घालवणार होतो. पांढरं नायलॉन बघितलं, शॉवरचा पडदा बघितला, मग आईने ट्रंकेतून आजोबांचं धोतर काढून दिलं. धुऊन धुऊन इतकं मऊ आणि पांढरं झालेलं की दुसरं काही शोधावंच लागलं नाही. कोरं मांजरपाट लावू नका, ते पिवळसर असतं आणि तोच पिवळा तोंडावर उतरतो (कधी मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी, संध्याकाळच्या उन्हासारखा येतो). कापड आणि ट्यूब यांच्यात आठ-नऊ इंच तरी जागा सोडा, नाहीतर कापडावर चार पट्टे दिसतात आणि तेच चार पट्टे डोळ्याच्या बुबुळात. जागा सोडली की बुबुळात एकच खिडकी दिसते.

खिडकीवरून आठवलं. मडगावकडे एका मित्राच्या जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या आहेत, काचेच्या जागी ते चपटे पातळ शिंपले बसवलेले, दुपारी तिथे कोणालाही बसवा, लाईट लागतच नाही. मी इतके पैसे आणि एक धोतर घालून जे करतोय ते पूर्वीच्या लोकांनी भिंतीतच बसवून ठेवलं होतं. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी सत्यजित रायांच्या अपराजितो सिनेमासाठी (१९५६) कलकत्त्यात स्टुडिओत बनारसच्या घराचं अंगण उभारलं तेव्हा वर पांढरं कापड ताणून लाईट खालून त्याच्यावर मारले होते, उजेड आभाळातून आल्यासारखा. म्हणजे कापडच. बल्ब कितीचा हे सगळे विचारतात, कापड केवढं आणि तोंडापासून किती लांब हे कोणी विचारत नाही. माझा बॉक्स मी तोंडापासून तीन-साडेतीन फुटांवर ठेवतो. सहा फुटांवर नेला की उजेड निम्म्याहूनही कमी होतो आणि वर सावलीही कडक होते, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

एवढं करून मिळतं किती? कॅमेऱ्यावर आयएसओ ४००, एफ ४, १/१००. बसलेल्या माणसाला पुरतं, नाचणाऱ्या पोराला नाही. दशावतारातल्या संकासुराचा उडी मारतानाचा फोटो पाहिजे असेल तर फ्लॅशच घ्या, उगाच ट्यूब वाढवत बसू नका.

आता तक्रार. पहिल्या फोटोत डावा गाल जरा गुलाबी आणि उजवा जरा हिरवा! दोन दिवस कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, व्हाईट बॅलन्स वरखाली केला, एका गालाला बरा केला की दुसरा बिघडतो. शेवटी एकेक ट्यूब वेगळी लावून पांढऱ्या कागदावर बघितली तर तीन एका तारखेच्या आणि एक दुसऱ्याच लॉटची निघाली. कंपनी तीच, वॉट तेच, ६५०० केल्विन तेच, रंग वेगळा. परत घेऊन गेलो तर "उगडिल्लें परत घेनात". अर्धा तास उभा राहिलो. मग त्यांचा चहा आला, मलाही अर्धा कप मिळाला, आणि चहानंतर बदलून दिली, पण वर दोन वाक्यं ऐकवून की घरात कोणी ट्यूबच्या रंगावरून भांडतं का. चूक दुकानाचीच होती, बिल्डिंगच्या जिन्यात लावणाऱ्याला काय फरक पडतो म्हणून ते कुठल्याही खोक्यातली उचलून देतात. त्यामुळे घेताना एकाच खोक्यातल्या मागा आणि मागच्या बाजूचा नंबर स्वतः वाचा.

दुसरी मर्यादा दुकानाची नाही, मालाचीच. घरगुती ट्यूबचा सीआरआय ८० च्या आसपास. मेकअप केलेल्या नटाला चालून जातं, तसाही चेहऱ्यावर रंगच असतो, पण साध्या चेहऱ्यावर, विशेषतः आपल्या सावळ्या कातडीवर, लाल रंग मरतो आणि माणूस थकलेला वाटतो. मऊपणा धोतराने आला, रंग काही धोतर देत नाही. म्हणून आता चेहऱ्यासाठी वेगळा लाईट केलाय, सीआरआय ९५ वाली १२ व्होल्टची स्ट्रिप बाहेरून मागवली कारण काकांकडे सीआरआय हा शब्दच पोचलेला नाही. पण जोडून दिली त्यांनीच. पाच मीटरचा रोल, मीटरला १४.४ वॉट, म्हणजे ७२ वॉट, ६ अँपिअर. मी ६ चाच पॉवर सप्लाय मागत होतो, त्यांनी १० चा घ्यायला लावला, काठोकाठ चालवला तर तापून लवकर मरतो म्हणाले. आणि एका टोकाने करंट दिला की दुसरं टोक मंद होतं म्हणून दोन्ही टोकांना वायर सोल्डर केली, अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर चिकटवली म्हणजे उष्णता निघून जाते. सोल्डरिंगचे पैसे घेतले नाहीत. मी देत होतो तर "आदीं फोटो दाखय" (आधी फोटो दाखव).

केसांवरचा लाईट कुठे टांगायचा हा प्रश्न होता कारण बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) महाग आणि गोव्याच्या वाऱ्यात, खिडकी उघडी असली तर, पडतोच. मग हॉलमध्ये वर बघितलं तर माटोळी, गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट! चौकट बारा महिने तिथेच असते, चतुर्थीला नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, चिबडं सगळं पेलते, तिला एक ट्यूब काय जड. आई दोन दिवस बोलली नाही. मग मी तिचाच फोटो काढला माटोळीखाली बसवून, अबोलीचा गजरा वरून येणाऱ्या उजेडात असा पेटला की तो आता देव्हाऱ्याच्या बाजूला लावलाय आणि माटोळीला वायर बांधायला परवानगी आहे, चतुर्थीच्या आठ दिवस आधी काढायच्या अटीवर.

उलट बाजूला उजेड परत फेकायला रिफ्लेक्टर म्हणून जुन्या मखराचे थर्माकोल वापरतो. २०२२ च्या १ जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते माळ्यावर पडून होते. नसतील तर पांढरा रंग दिलेला पुठ्ठा घ्या, फरक कळणार नाही.

दुकानाबद्दल राहिलेलं. दुपारी एकला शटर खाली, चारशिवाय वर नाही, त्यात बुधवारी कधी कधी उघडतच नाही, का ते विचारू नका. पार्किंग विसरा, गाडी तिस्कच्या नाक्यावर लावून चालत या. कार्ड नाही, पण यूपीआय चालतं. बिल मागितलं तर मिळतं, न मागता नाही, आणि ट्यूबची वॉरंटी पाहिजे असेल तर तारखेसकट मागाच. भाव ऑनलाईनपेक्षा दहा-वीस रुपये जास्त पडतो, पण ऑनलाईनवाला तुमच्यासमोर ट्यूब पेटवून दाखवत नाही आणि हिरवी वायर पिशवीत घालत नाही. पाचात चार. एक कापला तो लॉटच्या भानगडीसाठी.

स्ट्रिपसाठी १२ व्होल्टचा डिमर सांगून ठेवलाय. तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा "फाल्यां यो" (उद्या ये). तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काका काऊंटरवर नव्हते, आत पोरग्याला घेऊन नव्या आलेल्या ट्यूबवर मोबाईल धरून उभे होते, स्लो मोशनमध्ये.